यंत्राचा कोड म्हणजे निकाल नव्हे

शेतजमिनीच्या सुधारणेचीं जीं कामें पूर्वी माणसांच्या व बैलांच्या बळावर होत असत, तीं आतां यंत्राच्या हातीं गेलीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. बांधबंदिस्ती, नाल्याचें खोलीकरण, चढउताराची जमीन सारखी करणें, शेततळें खोदणें, यांपैकीं एकही काम आज पोकलेन किंवा जेसीबीवांचून करण्याचें कोणी मनांत आणीत नाहीं. सन २०१६ मध्यें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना निघाली आणि सन २०१७ मध्यें ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. तेव्हांपासून तर उन्हाळ्यांत गांवोगांव यंत्राची घरघर ऐकूं येऊं लागली. रब्बीची मळणी आटोपल्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत जे दोन-तीन महिने मिळतात, तेवढ्यांतच हीं सर्व कामें उरकावयाचीं असतात. अशा ऐन वेळीं ऑपरेटरच्या पुढ्यांत तांबडा दिवा लागतो, पडद्यावर एक आंकडा उमटतो आणि यंत्र जागच्या जागीं उभें राहतें. ऑपरेटर म्हणतो, ‘कोड आला.’ यंत्राचा मालक म्हणतो, ‘लॅपटॉपवाला येईल, मग पाहूं.’ लॅपटॉपवाला जिल्ह्याच्या ठिकाणाहून दोन दिवसांनीं येतो, एखादा महागडा भाग बदलण्यास सांगतो आणि जातो. अर्धवट खोदलेल्या तळ्याच्या कांठीं शेतकरी आभाळाकडे पाहत बसतो.

या प्रकारांत शेतकऱ्याचें जें नुकसान होतें, त्याचा पुष्कळसा भाग टाळतां येण्याजोगा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तो टाळला जात नाहीं याचें कारण एकच. पडद्यावर आलेल्या आंकड्यास आपण सर्वांनीं निकाल मानिलें आहे. तो निकाल नव्हे. ती केवळ एक नोंद आहे. हा भेद नीट ध्यानांत आला म्हणजे कोणता भाग बदलावा, कोणता बदलूं नये, यंत्र तत्काळ बंद करावें किंवा कसें, आणि कोणाच्या सांगण्यावर पैसा खर्च करावा, या सर्व गोष्टी सुलभ होतात. यास्तव त्या भेदाविषयीं थोडें विस्तारानें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हे आंकडे आले कोठून तें पाहूं. जुन्या इंजिनास डिझेलचा पंप होता, तो दांत्यांवर चालत असे आणि बिघाड झाला तर धूर, आवाज व वास यांवरून जाणता मिस्त्री तो ओळखीत असे. आतांच्या इंजिनांत डिझेल केव्हां व किती सोडावें हें एक विजेची पेटी ठरविते. ती पेटी ठिकठिकाणीं बसविलेल्या सेन्सरांकडून तेलाचा दाब, पाण्याची उष्णता, हवेचा दाब, इंजिनाचे फेरे इत्यादि माहिती क्षणोक्षणीं घेत असते. अशा दोन-चार पेट्या एका यंत्रांत असतात व त्या दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकींशीं बोलतात. ही बोलण्याची पद्धत जर्मनींतील बॉश कंपनीनें सन १९८६ मध्यें जगापुढें मांडली. तिच्याच पायावर पुढें अमेरिकेंतील वाहन-इंजिनिअरांच्या संस्थेनें जड यंत्रांसाठीं ‘जे-१९३९’ नांवाची नियमावली तयार केली. धुराच्या नियमांमुळें या पेट्यांचें महत्त्व अधिकच वाढलें. आपल्या देशांत बांधकाम-यंत्रांस चौथ्या टप्प्याचे धूर-नियम १ एप्रिल २०२१ पासून व पांचव्या टप्प्याचे १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांसही चौथ्या टप्प्याचे नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. म्हणजे हा प्रश्न आज पोकलेनचा असला, तरी तो आपल्या स्वतःच्या खळ्यांत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरापर्यंत येऊन ठेपला आहे.

आतां कोड म्हणजे काय तें सांगतों. जे-१९३९ प्रमाणें प्रत्येक कोडाचे मुख्य दोन भाग असतात. पहिला आंकडा, ज्यास एसपीएन म्हणतात, तो कशाविषयीं तक्रार आहे तें सांगतो. उदाहरणार्थ १०० म्हणजे इंजिन-तेलाचा दाब, ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याची उष्णता, ९७ म्हणजे डिझेलमध्यें पाणी, १५७ म्हणजे डिझेलच्या मुख्य नळींतील दाब, १६८ म्हणजे बॅटरीचें व्होल्टेज. दुसरा आंकडा, ज्यास एफएमआय म्हणतात, तो तक्रार कोणत्या प्रकारची आहे तें सांगतो. तो शून्यापासून एकतीसपर्यंत असतो. त्यांत ० म्हणजे मोजलेली गोष्ट मर्यादेहून धोकादायकपणें वर गेली, १ म्हणजे धोकादायकपणें खालीं आली. १५ व १६ म्हणजे ती कमी-अधिक प्रमाणांत वर गेली, १७ व १८ म्हणजे तशीच खालीं आली. परंतु ३ म्हणजे सेन्सरच्या तारेवरील व्होल्टेज वाजवीहून अधिक, ४ म्हणजे तें वाजवीहून कमी, ५ म्हणजे प्रवाह कमी, बहुधा तार तुटलेली, आणि ६ म्हणजे प्रवाह अधिक, बहुधा तार यंत्राच्या अंगास टेकलेली. २ म्हणजे माहिती अस्थिर, क्षणांत एक व क्षणांत दुसरी. अशा वेळीं सैल जोडाचा संशय प्रथम घ्यावा. ७ म्हणजे एखादा यांत्रिक भाग हुकुमाप्रमाणें हलत नाहीं.

कांहीं कंपन्यांचीं यंत्रें हे आंकडे सरळ दाखवितात, तर कांहीं आपल्या स्वतःच्या अक्षरांचे व आंकड्यांचे कोड दाखवितात. एका कंपनीचा आंकडा दुसरीच्या यंत्रास लावूं नये. ज्या त्या यंत्राचें पुस्तक पाहावें.

या दोन आंकड्यांतील दुसऱ्या आंकड्याकडे आमचे लोक मुळींच पाहत नाहींत, आणि सगळें नुकसान तेथेंच होतें. समजा, पडद्यावर १०० व १ हे आंकडे आले. याचा अर्थ, तेलाचा दाब खरोखरच अतिशय खालीं गेला आहे असें सेन्सर सांगत आहे. अशा वेळीं एक मिनिटही न दवडतां इंजिन बंद करावें, तेलाची पातळी पाहावी व साध्या कांट्याचें गेज लावून दाब मोजल्याशिवाय यंत्र पुन्हा कामास लावूं नये; नाहीं तर क्रँकचीं बेअरिंगें जाऊन सबंध इंजिन खोलावें लागतें. परंतु १०० व ४ असे आंकडे आले तर गोष्ट निराळी. येथें तेलाविषयीं पेटीस कांहींच कळलेलें नाहीं. सेन्सरकडून येणाऱ्या तारेवरचें व्होल्टेज वाजवीहून खालीं आहे, एवढेंच ती सांगते. तार घासून पत्र्यास टेकली असेल, सॉकेटांत पाणी गेलें असेल किंवा सेन्सर बिघडला असेल. आतां पहिल्या प्रकारांत सेन्सर बदलून काम चालू ठेवणारा मनुष्य इंजिन मारतो, आणि दुसऱ्या प्रकारांत तेलाचा पंप बदलणारा मनुष्य मालकास मारतो. आंकडा शंभरच, पण पुढील एका आंकड्यानें अर्थ उलटा झाला. मात्र दुसऱ्या प्रकारांतही निष्काळजीपणें यंत्र हांकणें बरें नव्हे. कारण तार दुरुस्त होईपर्यंत इंजिनावर पहारा नसतो, आणि त्या अवधींत दाब खरोखर गेला तर तें सांगणारा कोणी राहत नाहीं.

आमचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. त्या दप्तरांतील एक दृष्टांत येथें तंतोतंत लागू पडतो. जमिनीच्या हक्कांत बदल झाल्याची वर्दी आली म्हणजे तलाठी फेरफार-नोंदवहींत नोंद घेतो. संगणक येण्यापूर्वी ही नोंद प्रमाणित होईपर्यंत सातबाऱ्यावर पेन्सिलीनेंच करीत असत, शाईनें नव्हे. मग हितसंबंधी लोकांस नोटीस निघते, हरकतीस पंधरा दिवसांची मुदत दिली जाते, हरकत आल्यास चौकशी होते, आणि त्यानंतरच मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. आतां केवळ पेन्सिलीची नोंद पाहून जर कोणी जमिनीचें खरेदीखत करूं लागला, तर आपण त्यास शहाणा म्हणूं काय? यंत्राचा कोड ही अशीच पेन्सिलीची नोंद आहे. पेटीस एक वर्दी मिळाली व तिनें ती लिहून ठेविली. वर्दी खरी कीं खोटी, दोषी सेन्सर कीं तार, पंप कीं गाळणी, हें ती जाणत नाहीं. तें ठरविण्यास चौकशी पाहिजे, आणि चौकशी म्हणजे मापन. मापन न करितां भाग बदलणें म्हणजे पेन्सिलीच्या नोंदीवर जमीन विकत घेणें होय.

ही चौकशी कोणत्या क्रमानें करावी, तेंही सांगतों. कारण तींतील पहिल्या पायऱ्या ज्यास विजेची साधी माहिती आहे अशा कोणाही तरुणास जमण्याजोग्या आहेत. कोड दिसतांच तो पुसूं नये. सर्व आंकडे, यंत्राच्या तासमापकावरील तास, त्या वेळीं काय काम चाललें होतें, इंजिन थंड होतें कीं तापलेलें, हें सर्व वहींत लिहून घ्यावें. पेटी सध्यां चालू असलेल्या तक्रारी व पूर्वी येऊन गेलेल्या तक्रारी वेगवेगळ्या ठेवीत असते. त्या दोन्ही याद्या उतरून घ्याव्या.

नंतर बॅटरी पाहावी. मोठ्या पोकलेनांत बहुधा दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्टांची रचना असते, लहान यंत्रांत बारांची. भरलेली बारा व्होल्टांची बॅटरी विसाव्यांत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. स्टार्टर फिरत असतां ती साडेनऊंच्या खालीं जाऊं लागली तर बॅटरी, तिचीं टर्मिनलें किंवा अर्थिंगची पट्टी यांत दोष आहे असें समजावें. व्होल्टेज कमी पडलें कीं पेट्या भलभलत्या तक्रारी लिहितात. एकाच वेळीं पडद्यावर पांच-सात असंबद्ध कोड आले, तर पांच-सात भाग एकदम बिघडले असें मानण्यापूर्वीं बॅटरी व अर्थिंग यांची चौकशी करावी.

बॅटरी निर्दोष निघाली, तर दुसरा सामाईक धागा म्हणजे सेन्सरांस मिळणारा पांच व्होल्टांचा पुरवठा. दाब मोजणाऱ्या बहुतेक सेन्सरांस तीन तारा असतात: एक पांच व्होल्टांची, एक अर्थिंगची व एक खबर नेणारी. एकच पुरवठा अनेक सेन्सरांस वांटलेला असल्यामुळें एका सेन्सरानें तो जमिनीस टेकविला तर सगळेच आंधळे होतात. अशा वेळीं चावी बंद करून एकेक सेन्सर सोडवावा व पुन्हा पाहावें. ज्याचा सॉकेट काढल्यावर बाकीचे कोड मावळतात, तो दोषी. एकाच सेन्सरची तक्रार असेल तर पुष्कळ यंत्रांत आणखी एक सोपी कसोटी चालते. व्होल्टेज कमी, म्हणजे ४ हा आंकडा आला असतां त्या सेन्सरचा सॉकेट काढावा. आतां ४ जाऊन ३ आला, तर तार व पेटी ठीक असून सेन्सर गेला आहे. ४ तसाच राहिला, तर सेन्सर निर्दोष असून तार कोठें तरी टेकली आहे. या कसोटीस पैसा पडत नाहीं, वेळ पांच मिनिटें लागतो.

पेट्यांचा आपसांतील संवादच तुटला असल्याची तक्रार असेल, तर बॅटरीची तार सोडवून त्या दोन पिळलेल्या तारांमधील रोध मोजावा. दोहों टोकांस १२० ओहमांचे रोधक बसविलेले असतात, त्यामुळें माप साठांच्या आसपास यावयास पाहिजे. १२० आलें तर एक टोक किंवा मधली तार तुटली. शून्याजवळ आलें तर दोन तारा एकमेकींस चिकटल्या. आणि या सर्वांच्या आधीं डोळ्यांनीं पाहावें. तारांचा जुडगा जेथें लोखंडावर घासतो, जेथें बूम हलतांना वांकतो, जेथें बॅटरीचें आम्ल झिरपतें, तेथें दोष बहुधा उघडाच दिसतो. उसाच्या पट्ट्यांत महिनाभर उभ्या राहिलेल्या यंत्राच्या तारा उंदरांनीं कुरतडल्या नाहींत, असें क्वचितच घडतें.

मापन न केल्यानें काय होतें याचें आमच्या माहितींतील एक उदाहरण देतों. एका गांवीं एप्रिल महिन्यांत तळ्याचें खोदकाम चालू असतां भाड्यानें आणलेलें यंत्र जोर लागतांच मंदावूं लागलें व पडद्यावर १५७ व १८ हे आंकडे आले. डिझेलच्या मुख्य नळींतील दाब कमी, असा त्याचा अर्थ. मालकानें पडद्याचें छायाचित्र मोबाइलवरून पाठविलें. उत्तर आलें कीं मोठ्या दाबाचा पंप बदलावा लागेल. पंप येण्यास चार दिवस लागणार होते. तेवढ्यांत गांवांतील एका वयस्क ट्रॅक्टर-मिस्त्रीनें डिझेलमधलें पाणी वेगळें करणारी वाटी उघडून पाहिली. तींत पाणी व शेवाळासारखा चिकट गाळ निघाला. आणि टाकीकडून येणाऱ्या नळीची पट्टी ढिली असल्यामुळें तींतून हवाही ओढली जात होती. गाळणी बदलली, पट्टी आंवळली, हवा काढली, आणि यंत्र त्याच दिवशीं कामास लागलें. आंकडा खोटा नव्हता. दाब खरोखरच कमी होता. परंतु मोठ्या पंपास जर डिझेलच पुरेसें मिळत नसेल, तर त्यानें दाब कोठून आणावा? पाटास पाणी नाहीं म्हणून शेवटच्या वाफ्यास दोष देण्यासारखेंच हें झालें. पंप खरोखर गेलेला असता, तर तोही पंपाकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब प्रथम मोजल्यानेंच निश्चित झाला असता. येथें एक सावधगिरीची सूचना अवश्य आहे. या मुख्य नळींत दीड हजार बारांहूनही अधिक दाब असूं शकतो. ट्रॅक्टराच्या मागल्या चाकांत तो जेमतेम एक-दीड बार असतो. इंजिन चालू असतां ही नळी कोणीही सैल करूं नये. तींतून सुटलेली सुईएवढी धार कातडी भेदून आंत शिरते व हात गमावण्याची पाळी येते.

दुसरी एक गोष्ट शेतकऱ्यांसच विशेष लागू आहे, ती युरियाची. ५६ किलोवॅट व त्यांहून अधिक शक्तीच्या बांधकाम-यंत्रांस नायट्रोजनच्या विषारी वायूची मर्यादा चौथ्या टप्प्यापासून फार कडक झाली. ती पाळण्यासाठीं पुष्कळ यंत्रांच्या धुराड्यांत युरियाचें पाणी फवारण्याची योजना असते. या पाण्यांत ३२.५ टक्के अत्यंत शुद्ध युरिया असतो व बाकीचें पाणी क्षाररहित असतें. त्याची टाकी रिकामी झाली किंवा त्याचा दर्जा बिघडला कीं कोड येतो आणि यंत्राची शक्ति आपोआप कमी केली जाते. कित्येक ठिकाणीं ऑपरेटर शेतकऱ्याच्या कोठींतील खताचा युरिया विहिरीच्या पाण्यांत विरघळवून त्या टाकींत ओततात, असें ऐकिवांत येतें. हें सर्वथा घातक आहे. सन २०१५ पासून देशांतील शेतीचा युरिया निंबोळी-तेलाचें लेपन केलेला असतो. शिवाय खताच्या युरियांत बायुरेट असतें आणि विहिरीच्या पाण्यांत क्षार असतात. त्यांच्या योगानें फवाऱ्याचें तोंड बुजतें व धुराड्यांतील महागडा भाग कायमचा निकामी होतो. शिवाय सरकारी अनुदानाचें खत शेतीखेरीज अन्य कामास वापरणें हा सन १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखालीं गुन्हा आहे. आपल्या कोठींतील पोतें या कामासाठीं कोणी मागितलें, तर शेतकऱ्यानें तें साफ नाकारावें.

याच जातीच्या आणखीही चुकीच्या रीति पडल्या आहेत. बॅटरीची तार काढून कोड पुसणें ही एक. तिनें पुरावा नाहींसा होतो, दोष मात्र जागच्या जागीं राहतो. सेन्सरच्या तारा परस्पर जोडून पेटीस फसविणें ही दुसरी. बकेटचे दांत जोडण्यासाठीं विजेचें वेल्डिंग करतांना बॅटरी व पेट्या सोडवून न ठेवणें ही तिसरी. त्या प्रवाहानें पेटी जळूं शकते व मग दिवसेंदिवस नवे नवे कोड येत राहतात. सॉकेटांवर जोराच्या पाण्याचा मारा करून यंत्र धुणें ही चौथी. ऑपरेटरास या गोष्टी कोणी शिकविल्या नाहींत म्हणून तो करतो. दोष शिक्षणाच्या अभावाचा आहे.

येथवर आम्ही वापरणाराच्या अंगच्या उणिवा सांगितल्या. आतां दुसरी बाजू. ज्या कोडाचा अर्थ मालकास कळावयास पाहिजे, तो कित्येक कंपन्या आपल्या विक्रेत्याच्या लॅपटॉपांतच बंद करून ठेवितात. कंपन्यांचें म्हणणें असें कीं अडाणी माणसानें पेटींत हात घातला तर अपघात होतील व धुराचे नियम मोडले जातील. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पेटींतील डिझेलचें प्रमाण बदलण्याची, धुराची यंत्रणा बंद करण्याची किल्ली कोणासही देऊं नये, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु पेटी बदलणें निराळें व पेटीनें लिहिलेलें वाचणें निराळें. सातबारा दुरुस्त करण्याचा अधिकार खातेदारास नाहीं, म्हणून त्याची नक्कलही त्यास देऊं नये असें कोणी म्हणेल काय? नक्कल मिळणें हा हक्क आहे, आणि कोड वाचतां येणें ही केवळ नक्कल आहे.

या हक्काविषयीं इतरत्र काय घडलें तेंही पाहण्यासारखें आहे. आपल्याच देशांत ऑगस्ट २०१४ मध्यें भारतीय स्पर्धा आयोगानें चौदा मोटारकंपन्यांस मिळून सुमारें २,५४५ कोटी रुपये दंड केला. सुटे भाग व दोष शोधण्याचीं साधनें स्वतंत्र कारागिरांस न देणें, हा त्यांच्यावरील आक्षेप होता. त्या निर्णयावर पुढें अपिलें झालीं. तरी साधनें अडवून ठेवणें हा केवळ कंपनीचा खासगी प्रश्न नव्हे, हें तत्त्व त्यांत मांडलें गेलें. अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानानें सन २०२३ मध्यें कायदा करून शेतीयंत्रांचे भाग, पुस्तकें व संगणकी साधनें शेतकऱ्यास देणें १ जानेवारी २०२४ पासून बंधनकारक केलें. जानेवारी २०२५ मध्यें तेथील मध्यवर्ती व्यापार आयोगानें याच कारणावरून डिअर या ट्रॅक्टर-कंपनीवर दावा दाखल केला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काविषयीं एक समिति नेमली व तिच्या विषयांत शेतीचीं यंत्रें व मोटारी यांचा समावेश केला. परंतु खोदकामाचें यंत्र हें शेतीयंत्रही नव्हे व मोटारही नव्हे, अशा पळवाटेनें तें दोहोंकडून सुटेल अशी आम्हांस धास्ती वाटते. ज्या यंत्रावर शेततळें अवलंबून आहे, तें शेतकऱ्याच्या दृष्टीनें शेतीचेंच यंत्र होय, हें आमच्या सोसायट्यांनीं सरकारास लेखी कळविलें पाहिजे.

सरकार करील तें करील; तोंवर आपल्या हातांतील गोष्टी आपण कां करूं नयेत? जी सोसायटी किंवा जो शेतकरी यंत्र विकत घेईल, त्यानें किंमतीची घासाघीस करतांनाच कोडांची संपूर्ण यादी, तारांचा नकाशा व शक्य तर मराठी पुस्तक मिळण्याची अट लेखी घालावी. पैसे चुकते झाल्यावर पुस्तक मागणाराकडे कोणी लक्ष देत नाहीं. प्रत्येक यंत्राची एक वही ठेवावी व तींत तास, कोड, केलेलें मापन, बदललेला भाग आणि त्यानंतर कोड गेला कीं नाहीं, हें लिहावें. दोन वर्षांची अशी वही कोणत्याही लॅपटॉपाहून अधिक बोलते. तालुक्याच्या सोसायटीनें एक मल्टीमीटर, तेलाचा व डिझेलचा दाब मोजणारीं गेजें आणि जे-१९३९ वाचणारें एक साधन सामाईक ठेवावें. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत डिझेल-मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा केलेला गांवचाच एखादा मुलगा निवडून त्यास तारांचें व सेन्सरांचें काम आणखी शिकवावें. यंत्र हमीच्या मुदतींत असेल तर सील तोडूं नये. पण कोड लिहून घेण्यास, बॅटरी मोजण्यास व तारा पाहण्यास कोणाची हमी बुडत नाहीं.

यंत्र भाड्यानें घेणारानेंही दोन गोष्टी आधीं ठरवून घ्याव्या. भाडें घड्याळाच्या तासांवर न देतां यंत्राच्या तासमापकावर द्यावें, आणि बिघाडानें यंत्र उभें राहिल्यास त्या वेळेचें भाडें व ऑपरेटरचा भत्ता कोणी सोसावयाचा तें कागदावर लिहून घ्यावें. आणि कोणीही भाग बदलण्यास सांगितलें कीं मालकानें एकच प्रश्न विचारावा: ‘काय मोजलेंत, आणि किती भरलें?’ ज्यास याचें उत्तर देतां येतें, तो दुरुस्ती करावयास आला आहे. ज्यास देतां येत नाहीं, तो आपल्या पैशानें अंदाज बांधीत आहे असें खुशाल समजावें.

कित्येक वाचक म्हणतील कीं हें काम शिकलेल्या इंजिनिअरांचें. आपणांस त्याचें काय? त्यांस आमचें सांगणें असें कीं आपल्या वाडवडिलांस कायदा शिकविलेला नव्हता, तरी सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना वाचल्याशिवाय त्यांनीं कधीं जमीन घेतली नाहीं. जें वाचल्यावांचून व्यवहार होत नाहीं, तें वाचावयास मनुष्य शिकतोच. यंत्राच्या पडद्यावरील दोन आंकडे त्याच कोटींतले आहेत. येत्या उन्हाळ्यांत खोदकाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक सोसायटीनें आपल्या यंत्राची वही उघडावी, आणि पहिल्या पानावर बॅटरीचें व्होल्टेज लिहून आरंभ करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.